काजूची राळ, पाषाणाचे धागे आणि वऱ्हाडचं ऊन

उन्हाळा लागला की पुण्यातली माणसं महाबळेश्वरची खोली बघायला लागतात. मी यंदा ऐन मे महिन्यात अमरावतीचं तिकीट काढलं, आणि तेही ऊन हवं म्हणून. आईला वाटलं, मी चेष्टा करतेय. मग तिने माझ्या बॅगेत दोन कांदे टाकले.

कारण सांगते. उष्णता सोसणारं प्लास्टिक तयार करायचं हे माझं काम. पुण्याजवळच्या एका लहानशा कंपनीत आम्ही सहाजण चार वर्षं एकाच पदार्थामागे लागलो होतो. काजूच्या टरफलातून जे काळं तेल निघतं त्यापासून राळ करायची, काळा पाषाण वितळवून ओढलेले केसासारखे धागे तिच्यात थरांनी घालायचे, आणि सगळं दाबून भाजायचं. त्यातून काळपट, तुकतुकीत पाटी तयार होते. दोनशे अंशांवरही ती मऊ पडत नाही, तिच्यातून वीज जात नाही आणि वजनाला ती पत्र्याहून हलकी. शेतातल्या सौर पंपाच्या कंट्रोलरची पेटी या पाटीची करायची, आतले तापणारे इलेक्ट्रॉनिक भाग थेट तिच्या पाठीवर बसवायचे, म्हणजे उन्हात पेटीही वाकणार नाही आणि सर्किटही टिकेल, असा आमचा मनसुबा.

आदल्या वर्षीच्या उन्हाळ्यात चार नमुने वऱ्हाडात लावले होते. वर्ष उलटलं होतं. ते कसे आहेत ते मी जाऊन बघायचं आणि कंपनी चालवणाऱ्या आमच्या सरांना कळवायचं, एवढंच काम. पेट्या घाऊक पाडायच्या मोठ्या साच्याची ऑर्डर सरांनी टेबलावर तयार ठेवली होती.

“शुक्रवारी संध्याकाळपर्यंत हो की नाही ते सांग,” सर म्हणाले. “नाही असेल तर हा विषय बंद. चार वर्षं पुष्कळ झाली.”

मंगळवार, अमरावती आणि नांदगाव पेठ

बडनेऱ्याला गाडीतून उतरले तेव्हा सकाळचे नऊच वाजले होते, पण फलाटावरचा वारा इस्त्रीतून आल्यासारखा होता. संजयभाऊ घ्यायला आले होते. हे अमरावतीचे इलेक्ट्रिशियन. आमचे चारही नमुने यांनीच बसवलेले. फोनवर वर्षभर बोलणं होतं, भेट पहिलीच. मी बाटली तोंडाला लावली तसा त्यांनी हात वर केला.

“एकदम पानी पेऊ नका मॅडम. पहले सावलीत बसा, मंग प्या. तुमी पुन्याहून ऊन पाहाले आले म्हनता, अन् पहिल्याच दिवशी त्याच्या हाती लागान.”

मग त्यांनी स्टेशनाबाहेरच्या दुकानातून पांढरा सुती दुपट्टा घेतला आणि तो डोक्याला, कानांना, नाकाला कसा गुंडाळायचा ते स्वतःच्या दुपट्ट्यावर करून दाखवलं. आमच्याकडे उन्हाला टोपी किंवा छत्री. इथे फक्त डोळे उघडे ठेवतात. तिसऱ्या प्रयत्नात मला ते जमलं आणि खरोखर, कानाला झोंबणारा वारा एकदम लांब गेला. एवढ्या साध्या कापडाने उष्णता अडते हे बघून मला फार आनंद झाला. शेवटी माझा धंदा तोच आहे.

पहिला नमुना नांदगाव पेठेच्या औद्योगिक वसाहतीत, एका कापड कारखान्यात होता. रंगवलेलं कापड सुकवायचं लांबलचक यंत्र. एका टोकाने ओलं कापड आत जातं आणि दुसऱ्या टोकाने कोरडं, कडकडीत बाहेर येतं. त्याच्या तोंडाशीच, नुसती उष्णता सोसते का ते बघायला लावलेली, आमची पेटी होती. बाहेरच्या उन्हातून आत गेलो तर आत त्याहून गरम. संजयभाऊंनी चार स्क्रू काढले आणि झाकण माझ्या हातात दिलं.

मी पाटीवर बोट फिरवलं. ना फुगवटा, ना भेग. नखाने खरवडली, टिचकी मारली. नाणं वाजावं तसा खणखणीत आवाज. वर्षभर त्या भट्टीच्या तोंडाशी बसून ही पाटी काल केल्यासारखी होती! मी यंत्राच्या घरघराटातच ओरडले, “संजयभाऊ, टिकली!” दोन कामगार वळून बघायला लागले.

संध्याकाळी त्यांनी मला गिला वडा खायला नेलं. डाळीचा मऊ वडा, वर थंड दही आणि त्यावर अशी तिखट चटणी की डोळ्यांतून पाणी यावं. मी दोन प्लेटा खाल्ल्या. त्या आनंदात कितीही खाल्ल्या असत्या.

बुधवार, कौंडण्यपूर

वर्धा नदीच्या काठचं हे गाव रुक्मिणीचं माहेर मानतात. देवळाच्या पायऱ्यांवरून नदी दिसते. मे महिन्यात ती वाळूतून वाट काढत चाललेली बारीक धार होती. आम्हाला जायचं होतं ते गावाबाहेरच्या वामनरावांच्या शेतात. त्यांच्या दोन विहिरींवर आमच्या दोन पेट्या होत्या.

शेतात शिरले आणि फजिती झाली. काळी माती अशी तापली होती की माझ्या सँडलचा तळ चिकटवणारा डिंक पातळ झाला आणि दहा पावलांत उजवा तळ मागेच राहिला. उष्णता सोसणाऱ्या पॉलिमरची मी अभ्यासक, आणि माझ्या पायातलंच पॉलिमर पहिल्या शेतात हरलं. वामनराव पोट धरून हसले. संजयभाऊंनी तांब्याच्या तारेने तळ बांधून दिला. उरलेला प्रवास मी त्या तारेवरच केला.

हसू तिथेच संपलं. पहिल्या पेटीचं झाकण काढलं. पाठीच्या पाटीवर, जिथे सगळ्यात जास्त तापणारा भाग बसवला होता, तिथे तळव्याएवढा फोड आला होता. पुरी फुगावी तसे थर एकमेकांपासून सुटले होते. दुसऱ्या पेटीतही तसाच फोड, नेमका तिथेच.

मी बांधावर बसले. दोनशे अंशांच्या यंत्राशेजारी जी पाटी हसतमुख होती, ती इथे शेतात, त्याहून कितीतरी कमी उष्णतेत, फुटली कशी?

“मॅडम,” संजयभाऊ म्हणाले, “एक सांगाचं होतं. पाटीले खालून हे भोक दिसते ना, थे मी पाडलं.”

फोडापासून चार बोटांवर एक भोक होतं. त्यातून काळी वायर बाहेर गेली होती.

“रानडुक्करं येतात जी इथं,” वामनराव म्हणाले. “म्यांच म्हटलं त्याले, एक दिवा लावून दे. त्यासाठी वायर काढली. आमच्यानं खराब झालं काय?”

“भोकाने काही होत नाही हो,” मी म्हणाले. आमच्या प्रयोगशाळेत शंभर भोकं पाडून पाट्या भट्टीत घातल्या होत्या, एकीलाही काही झालं नव्हतं. “सगळ्या पेट्यांना भोक पाडलंत का?”

“शेतातल्या तिन्हीले,” संजयभाऊ म्हणाले. “तेल्हाऱ्याच्या पेटीलेही.”

म्हणजे शुक्रवारचं उत्तर बहुतेक तेल्हाऱ्यात ठरणार होतं. परतताना मी कौंडण्यपूरची एक फुटकी पेटी मागच्या सीटवर घेतली. चार वर्षांत आम्ही जेवढ्या पाट्या केल्या त्या एकामागून एक डोळ्यांपुढे येत होत्या.

गुरुवार, तेल्हारा

पहाटेच निघालो, तरी पोचेपर्यंत ऊन चढलं होतं. उत्तरेला सातपुड्याची निळी रेघ, आणि तिच्यापर्यंत नांगरून उघडी पडलेली कपाशीची काळी शेतं. इंदूताई विहिरीपाशीच उभ्या होत्या. पन्नाशीच्या, कपाळावरून पदर घट्ट आवळलेला. आठ एकर कपाशी त्या स्वतः बघतात.

“तुमीच का त्या डब्ब्याच्या मॅडम?” त्या म्हणाल्या. “या. पहले रस खा, मंग डब्बा पाहा. डब्बा कुठी पयून नाई जात.”

मला कधी एकदा झाकण काढते असं झालं होतं, पण रस-शेवयांची वाटी संपवल्याशिवाय त्या उठू देईनात. शेवटी एकदाचं झाकण निघालं.

पाटी कोरी करकरीत होती.

मी पुन्हा बघितलं. तेच ऊन, तसाच पंप, तेच भोक, त्यातून तशीच वायर. फोड नाही, फुगवटा नाही. टिचकी मारली तर खणखणीत. मी पुन्हापुन्हा टिचकी मारत बसले, तशी इंदूताईंनी विचारलं, “ऊन लागलं का व बाई?”

मी भोकाकडे वाकून बघितलं आणि तेव्हा दिसलं. भोकाच्या आतल्या कडेला पिवळसर, काचेसारखा थर होता. आमच्या कारखान्यातला नव्हे.

“ताई, इथे काय लावलंय?”

“मले काय मालूम! आखाडात मोटार जयली होती माही. अकोल्याले हनीफचाचाकडे भरून आनाले नेली. डब्बाही संग नेला, म्हटलं याचंही पाहा. त्यानं भोक पाह्यलं अन् बडबड केली. काय तं लावलं, भट्टीत घातलं, अन् दिलं वापस. काहून, बिघडवलं का त्यानं?”

मी उठून इंदूताईंना मिठीच मारली. त्यांना काही कळलं नाही, पण त्यांनीही मारली.

गुरुवार संध्याकाळ, अकोला

हनीफचाचांचं दुकान बाजारातल्या एका बोळात आहे. जळालेल्या मोटारींमधली तांब्याची तार काढून नवी भरायची, हे काम ते चाळीस वर्षं करताहेत. दाराशी मोटारींची रांग, आत पत्र्याची कपाटाएवढी भट्टी, आणि एका कोपऱ्यात वितळलेल्या कथलाचं लोखंडी भांडं. तारांची टोकं त्यात बुडवून काढतात. चाचा स्टुलावर बसून हाताने गुंडाळी भरत होते. मी माझी ओळख सांगितली आणि इंदूताईंच्या पेटीबद्दल विचारलं.

“हां, तो काला डब्बा,” ते म्हणाले, मग मराठीत वळले. “चीज चांगली हाय तुमची. पन काठ उघडा ठेवला कोनी? तारेवरचं कापड असो की तुमची पाटी, जिथं कापलं तिथं धागा उघडा पडते. उघडा धागा पानी पेते, बत्तीसारखा.”

“पण मग ऊन लागल्यावर वाळत नाही?”

“बाहेरून वायते. आतलं पानी कुठून जाईन? तुमचा पार्ट गरम झाला की त्याची वाफ होते. वाफेले जागा पायजे. ती पाटी फाडून जागा करते.”

नांदगाव पेठेची पेटी छपराखाली, कोरडी, बिनभोकाची. कौंडण्यपूरच्या पेट्यांनी अख्खा पावसाळा भोकाच्या कडेने पाणी ओढलं होतं. आणि आम्ही पुण्यात चार वर्षं कोरड्या पाट्याच भट्टीत घालत होतो!

“चाचा, आत्ताच करून बघू या?”

कौंडण्यपूरच्या पाटीचा न फुगलेला भाग आम्ही कापला. एक तुकडा तसाच ठेवला. दुसऱ्याच्या कडांना मी त्यांचं मोटारीच्या तारांना पाजायचं वार्निश घाईघाईने फासलं आणि अर्धा तास भट्टीत ठेवलं. मग चिमट्याने पहिला तुकडा वितळलेल्या कथलावर सोडला. पाच सेकंद गेले नाहीत तोच ‘टक्’ असा आवाज आला आणि तुकडा फुगला. दुसरा सोडला. मी मोजत होते. सात, आठ, नऊ. टक्.

संजयभाऊ पुटपुटले, “हे बी गेलं.”

“जानारच,” चाचा शांतपणे म्हणाले. “घाई केली बेटा तू. आंगातलं पानी काढलंच नाई, अन् वरून दरवाजा बंद केला. आधी सुकवाचं. मंग वार्निश पाजाचं, पोटभर. मंग भाजाचं. उरलेले तुकडे आज भट्टीत मोटारींसंगं राहू दे. सकायी ये.”

सरांचा फोन आला. मी म्हणाले, “उद्या संध्याकाळी सांगते.” ते म्हणाले, “मुदत तीच आहे.” आवाजात राग नव्हता, त्याचंच वाईट वाटलं. बहुधा त्यांनी मनात विषय बंद केला होता.

शुक्रवार, अकोला

सकाळी आठला मी दुकानाच्या पायरीवर हजर होते. भट्टीतून दोन तुकडे निघाले, दोन्ही कोरडे खडखडीत. एकाला चाचांनी स्वतः वार्निशमध्ये बुडवलं. बुडबुडे यायचे थांबेपर्यंत त्यांनी तो बाहेर काढला नाही. “बघ, अजून पिऊन राहिला,” ते म्हणाले. मग तो पुन्हा भट्टीत गेला. दुसरा आम्ही मुद्दाम उघडाच ठेवला, म्हणजे फरक कशाने पडतो ते कळावं.

दुपारपर्यंत वार्निश पक्कं झालं. आता दोन्ही तुकड्यांना एक अख्खा पावसाळा दाखवायचा होता, आणि हातात होते काही तास. पुण्यात यासाठी वेगळं यंत्र असतं. मी विचार करत होते, आणि तेवढ्यात मागच्या घरातून शिट्टी झाली.

“चाचा, कुकर!” मी ओरडले.

चाची उंबऱ्यात आल्या, हकीकत ऐकली आणि माझ्याकडे बघत राहिल्या. “मोटारीचं वार्निश माझ्या कुकरात?” मग माझ्या पायातल्या तारेने बांधलेल्या सँडलकडे त्यांची नजर गेली आणि त्यांना काय वाटलं कोण जाणे, त्यांनी आतली डाळ पातेल्यात काढली. “घे बाई. पन हा कुकर मंग तुहाच. मले नवा पायजे.”

संजयभाऊ लगेच नवा कुकर आणायला गेले. जुन्यात पाणी घालून दोन्ही तुकडे वरच्या जाळीवर ठेवले. दोन तास वाफ. चाचींनी आम्हाला बाजूला सारून शिट्ट्यांचा ताबा घेतला. “तुमाले कुकर लावता येत नाई,” त्या म्हणाल्या. “गॅस बारीक लागते.”

साडेचारला कथील पुन्हा पातळ झालं. बोळातली दोनचार माणसं दारात जमली होती. आधी उघड्या कडेचा तुकडा सोडला. टक्! तीन सेकंदही नाही. फोड असा आला की वरचा थर भाकरीसारखा सुटला.

मग वार्निश प्यालेला. चाचांनी माझ्या हातून चिमटा घेतला आणि हळूच तुकडा कथलावर ठेवला. ते मोठ्याने मोजायला लागले, हिंदीत. “एक. दो. तीन.” दहा झाले. पंधरा झाले. आमच्या परीक्षेची मर्यादा वीस सेकंद. “बीस,” चाचा म्हणाले आणि थांबलेच नाहीत. “इक्कीस. बाईस.” दारातली माणसंही मोजायला लागली. चाळीस. पन्नास. साठला चाचांनी तुकडा उचलला, पाण्यात टाकला, चर्र झालं, आणि तो माझ्या तळहातावर ठेवला.

सपाट. मी टिचकी मारली. तो आवाज ऐकून संजयभाऊंनी नव्या कुकराचं झाकण वाजवलं आणि बोळात एकच गलका झाला. मी रडत होते की हसत होते ते मला अजून सांगता येत नाही.

सरांना फोन लावला. “सर, साच्याची ऑर्डर आत्ता देऊ नका,” मी म्हणाले. “वायरचं भोक साच्यातच ठेवायचं. शेतकरी ते पाडणारच आहेत, तर ते आपणच द्यायचं. आणि त्याची कड कारखान्यातच बंद करायची. आधी वाळवून.” मी श्वास न घेता सगळं सांगितलं: नांदगाव पेठ, कौंडण्यपूर, इंदूताई, कुकर, साठ सेकंद.

“तुझ्यासमोर झालं हे?” सरांनी विचारलं. “त्यांना दे फोन.”

चाचांनी हात पुसून फोन घेतला. “हाव जी... नाई जी... आधी सुकवाचं, मंग पाजाचं... नाई, बुडबुडे थांबेस्तोवर... घड्याय कायले? डोये हायेत ना...” दहा मिनिटं ते बोलत राहिले. सर इतका वेळ कोणाचं ऐकून घेतात हे मला माहीत नव्हतं. शेवटी चाचांनी फोन मला परत दिला.

“साहेब येतो म्हनते उद्या. सोताच्या डोयानं पाह्यचं म्हनते.” मग ते भट्टी बंद करता करता म्हणाले, “त्याले सांग, दुपारचा नको येऊ. आज तुझ्यासाठी जागलो. एरवी बारा ते चार मी दुकान उघडत नाई, कलेक्टर आला तरी.”

मी सरांना तसा निरोप पाठवला. त्यांनी तो वाचलाही.

तरी दुसऱ्या दिवशी ते दुपारीच आले. एक वाजता, बंद शटरपुढे. मी दुपट्टा देऊ केला, तो त्यांनी निमूटपणे डोक्याला गुंडाळला. मग साच्याचा नकाशा मांडीवर पसरून ते पायरीवर बसले, खिशातून पेन्सिल काढली आणि चार वाजेपर्यंत त्याच्यात भोकाची जागा काढत राहिले.